रिकाम्या गाडीचं वजन

साखर कारखान्याच्या फाटकाशी,
वजनकाट्याच्या काचेच्या खोलीत
ऑक्टोबर ते जानेवारी रात्रपाळीला मी.
ट्रक भरून येतो, बीटांचा ढीग, चिखलासकट.
काट्यावर चढतो. आकडा थरथरतो, थांबतो. मी नोंदवते.
तासाभराने तोच ट्रक रिकामा परततो,
पुन्हा चढतो.
दोन आकड्यांच्या मधे जे उरतं
त्याचेच पैसे मिळतात.

गोष्टी लिहायला मी इथेच शिकले.
दुसरीकडे कुठे शिकणार होते, डांगुओले पेट्रुलिते,
वय त्रेपन्न, शिक्षण काटा?

वाया गेलेल्या पावत्यांच्या पाठीवर लिहिते.
पावती तळहाताएवढी, म्हणून वाक्यंही तेवढीच.
लांब वाक्य सुचलं
तर दुसरी पावती वाया जायची वाट बघावी लागते.

आधी माणूस भरून घेते, गच्च:
त्याच्या बायकोचा दमा,
कौनासच्या बाजारात घेतलेले अर्धा नंबर लहान बूट,
सरपणाच्या जागेवरून भावाशी धरलेला
अकरा वर्षांचा अबोला.
मग त्याला कुठेतरी रिकामा करून आणते.
कुठे, ते मलाही आधी ठाऊक नसतं.
परत येताना तो जेवढा हलका झालेला असतो
तेवढीच गोष्ट.
एखादा जड होऊन परततो.
तेव्हा पावत्या खणात टाकते
आणि थोडा वेळ नुसती रांगेकडे बघत बसते.

प्रयोगशाळेतली यूर्गिता प्रत्येक खेपेतून
बादलीभर बीट काढते, धुते, पुन्हा तोलते,
माती किती टक्के ते लिहून देते.
शेतकरी तिच्यावर खार खाऊन असतात.
माझ्या गोष्टींना मी तिचा हात लागू देत नाही.
धुतलेलं बीट कुणाच्याही शेतातलं असू शकतं.

नियम म्हणाल तर दोन-तीनच.
शुक्रवारी कुणाला मारायचं नाही:
शनिवारी सुट्टी,
मेलेला दिवसभर स्वयंपाकघरात बसून राहतो.
नाव आवडलं म्हणून कुणाला सवलत द्यायची नाही.
तिसरा नियम मी दर वेळी मोडते,
म्हणून सांगत नाही.

गेल्या जानेवारीत केस्तुतिसने काचेवर टकटक केली.
रांगेत चौथा होता, उतरून चालत आला.
काय लिहितेस एवढं? आमची मापं मारतेस की काय?
ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?
वाचून दाखवली.
एक माणूस बर्फात आईच्या घरासमोर गाडी लावतो,
बराच वेळ बसून राहतो,
आत न जाताच निघून जातो.

केस्तुतिसने नाक पुसलं.
इंजिन चालू होतं की बंद?
मी लिहिलंच नव्हतं.
उणे अठरात बंद केलं तर पुन्हा सुरू होत नाही, बाई.
आणि चालू ठेवलं
तर आईला ऐकू जाणार.
मागून हॉर्न वाजले. तो गेला.

नऊ महिने झाले, ते इंजिन मी चालू ठेवलंय.
खिडकीचा पडदा हलतो.
त्याला कळतं की तिला कळलंय.
दार कुणी उघडत नाही.
डिझेल संपत आलंय
आणि मला त्याला निघूही देता येत नाही.

बहीण विचारते, छापणार कुठे?
कुठेच नाही, झिटा.
माझे बुटाचे तीन खोके भरलेत, चौथा तू दे.
मापात पाप नसलं म्हणजे झालं.
बघायला कुणी येवो न येवो,
काटा शून्यावर आणल्याशिवाय
मी पुढची गाडी घेत नाही.

आज रांगेत सत्तावीस गाड्या, धुकं,
केस्तुतिसचा एकच दिवा लागतोय, डावा.
एका पावतीवर शाई फिकी उमटली.
नवी छापून दिली त्याला.
जुनी बाजूला काढून ठेवली.