जॅक

अकरा वर्षं मीच होती जॅक.

रविवारी सकाळी, मानेवाड्यातल्या आमच्या अंगणात,
हेमराज म्हणायचा, "ये ना जरा, धर."
मी ओढणी कमरेला खोचून
गाडीच्या डाव्या बाजूला उभी,
एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला,
अख्खी गाडी आपल्याकडे कलती करायची
साइड स्टँडच्या त्या एका पायावर,
की मागचं चाक जमिनीपासून सुटायचं.
दोन बोटं.
तेवढंच पाहिजे असायचं त्याला.

तो खाली उकिडवा, माझ्या पायापाशी.
वाटीत डिझेल (वाटी माझी), जुना टूथब्रश,
चेन घासतो, चाक फिरवतो, पुसतो, फिरवतो,
मध्येच फोन आला तर
"हो, बोल ना बे" म्हणत बोलूनच राहिला,
आणि मी एकशे नव्वद किलो धरून
त्याच्या डोक्याचा वरचा भाग पाहत.
टक्कल तिथंच सुरू झालं, भोवऱ्यापाशी.
त्याच्या आधी मला कळलं.

"कंपनीनं मधला स्टँडच नाही दिला,"
तो सांगायचा येणाऱ्याजाणाऱ्याला.
देईल कशाला, मी मनात.

मग या मार्चात खांदा आखडला.
फ्रोजन शोल्डर, डॉक्टरीण म्हणाली.
नागपुरात मार्चात गोठलेली
मी एकटीच असेन.

शनिवारी लोहा ओळीत गेलो दोघं.
मुर्तुझाभाईंनी खुर्ची मला दिली
आणि जॅक त्याला दाखवले.

एक कात्रीचा, स्क्रूवाला, लाल,
पाना लावून फिरवत बसा, स्वस्त.
एक लांब दांड्याचा, मागचं चाक तेवढं उचलणारा.
एक हायड्रॉलिक. "चार बार पैर मारो,
गाडी हवा में."
हेमराज रंग पाहून राहिला.

मी विचारलं, खालची बैठक किती रुंद?
आमच्या अंगणात एक फरशी दबलेली आहे.
इंजिनाखालून सायलेन्सरचा पाइप जातो,
मग हा टेकेल कुठं? वरचं रबर सरकतं का?
मुर्तुझाभाईंनी आता मान वळवली.
आणि मे महिन्यात, सेहेचाळीसच्या उन्हात,
आतलं तेल गळतं का?
हळूहळू खाली बसतो का हा,
समजा कोणी फोनवर बोलूनच राहिलं तर?

"लॉक है ना, बहन."
बोटाएवढी खिट्टी. दात्यांच्या पट्टीत
टक् करून बसते.
मी तीनदा बसवून पाहिली,
चौथ्यांदा उगाच.
माझ्यात कुठं होती अशी खिट्टी?
मी दातच आवळायची.

"पाचशे किलो उचलते, लिहून आहे," हेमराज म्हणे.
लिहिलेलं राहू दे, मी म्हटलं.
उचलायचं काय, कोणीही उचलते.
धरून ठेवते का, ते पाहा.

हायड्रॉलिकच घेतला. खिट्टीसाठी.
भाव हेमराजनं केला, साडेतीनशे कमी करून घेतले.
मी तोंड उघडलं नाही.
आपल्या जागी येणाऱ्याची मजुरी
आपणच कशी पाडायची?

परतताना तो मांडीवर होता माझ्या, खोक्यासकट,
मेडिकल चौकाच्या सिग्नलला
जड वाटला. चांगलं वाटलं.

आज रविवार.
दबलेली फरशी सोडून लावला. पंप, पंप, टक्.
चाक वीतभर वर.
वीतभर! मी कधी दिलं नव्हतं एवढं.
फोन आला, हेमराज बोलत बसला,
गाडी तशीच उभी.
माझे हात रिकामे, कुठं ठेवावे कळेना,
चहा ठेवायलाही गेली नाही,
प्लास्टिकची खुर्ची ओढली
आणि बसली, पलीकडच्या बाजूनं, चाकासमोर.

आऱ्यांमधून त्याचा चेहरा दिसला.
चेन घासताना हा जीभ दातांत धरतो,
पहिलीतलं पोट्टं पाटीवर "ज्ञ" काढते तशी.
अकरा वर्षं.

"काय पाहून राहिली?"

काही नाही, म्हटलं.
तू लाव तेल.