निवतीचा खडक

सुरमईला खवलं नसतात.
तांबोशीला असतात, नखाएवढी.
कोयता उलटा फिरवला की उडतात
केसांत, पदरावर, समोरच्या गिऱ्हाइकाच्या चपलेवर.
त्यातली माझी कुठली, माशाची कुठली
हे दोन वर्षं कुणाला कळलं नाही.
मलासुद्धा.

कळलं ते मेस्त्रींच्या सुनेला.
माझ्या कोपराकडे बघितलंन, मग पाटीकडे.
"कापू नको गो, घराक जावन मी कापतंय."
पैसे पाटीच्या काठावर ठेवलेन,
हातात नाही.

कुणी म्हटलं करंजेल लाव, कुणी देवाक गाऱ्हाणं घाल.
मेडिकलवाल्याने ट्यूब दिली.
चार दिवसांत जादू,
चार महिन्यांत कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
विळीचा नुसता वारा लागला तरी रक्त.

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी फाइलवर लिहिलं:
शेवंती कुबल, वय अडुसष्ट, सोरायसिस.
"हे कुणाला लागत नाही," म्हणाल्या.
मी म्हटलं, "बाई, मोठ्या अक्षरात लिहून द्या,
पाटीला लावते."
हसल्या. मग प्रेशरची गोळी बदलली,
तीच म्हणे निखाऱ्याला आतून वारा घालत होती.
रक्त काढलं, लिव्हर बघितलं, किडनी बघितली
आणि वयाच्या मानाने कमीच दिली
एक पिवळी, इवलीशी.
आठवड्यातून एकदा. एकदाच.
तीन वेळा सांगितलं.
रोज घेतलीत तर जीवावर बेतेल.

आठवड्यातून एकदा आमच्याकडे काय येतं?
सोमवार.
गिऱ्हाईक मासे घेत नाही, पाटी उपडी असते,
मीही रिकामी.
लोक उपास धरतात, मी गोळी धरली.

उजेडाची पेटीही असते म्हणाल्या,
आठवड्यातून तीनदा येऊन आत उभं राहायचं.
पन्नास वर्षं उन्हात बसले मी, फुकट.
एस्टीची पायरी गुडघ्यांना झेपत नाही,
ते राहिलंच.

उरलं मलम. डांबराचं.
कोपरं, गुडघे माझे मला पोचतात.
पाठ नाही.

तांडेल चौऱ्याहत्तरचा.
एका डोळ्यात मोतीबिंदू, दर्या सुटून सहा वर्षं.
पहिल्या रात्री डबीत बोट बुडवलंन, नाकाशी नेलंन,
"ह्यो तर होडयेचो वास."
दरसाल तिच्या पोटाला फासायचा तोच.
"मी काय होडी?" म्हटलं.
उत्तर नाही.
बोटं मात्र चालू लागली काळोखात,
कुठे वळायचं ते ठाऊक असल्यासारखी.

खांद्याखालच्या चट्ट्याला म्हणाला, "ह्यो सर्जेकोट."
कमरेवरची दोन बारकी, बिननावाची खडपं,
जिथे जाळी फाटतात तसली.
आणि मणक्याच्या डावीकडे
सगळ्यात मोठा, खरखरीत,
निवतीचा खडक.

पन्नास वर्षांचा संसार, पाच बाळंतपणं,
या पाठीकडे त्याने कधी बघितलं नव्हतं.
आता डोळे मिटून सांगतो.
मी विचारते, "आज निवती?"
"सुकती हा. उघडो पडलो हा."

जानेवारीत तर जेवताना पाठ टेकवत नव्हती.
मार्चात जरा बरं.
परवा त्याची बोटं फिरत राहिली, फिरत राहिली,
होकायंत्र बिघडल्यागत.
"गावणा नाय," म्हणाला.
मी काही बोलले नाही.
बाईंनी सांगून ठेवलंय,
जाणार नाही तो, बुडून राहील,
थंडीत वर येईल, काळजीत वर येईल.

"भरती असतली," तांडेल म्हणाला,
आणि तरीही लावलंन मलम,
खडक असायचा त्याच जागी,
नेहमीएवढंच.

मेस्त्रींची सून अजून पलीकडच्या पाटीवरून घेते.
घेऊ दे.
तिथली सुरमई बर्फातली असते.