जुळता लाल

बोहरी आळीतल्या माझ्या दुकानाला दार नाही,
एक फळी आहे. फळीवर मी, सुया,
आणि पाटीवर फक्त : रफू.

परचुरेबाई पैठणी परत घेऊन आल्या.
'शमसुभाई, हा लाल जुळत नाही.'
भिंग उजव्या डोळ्याला लावून काठ पाहिला.
जुळत होता.
वाद घालणार, तेवढ्यात
भिंग सहज डाव्याला लावलं :
काठ कुंकवाचा, माझा धागा विटेचा.

मैमूना म्हणाली, हल्ली तुमचा उजवा डोळा
जरा पुढं येऊनच बोलतो.

लकडी पुलापलीकडं, एरंडवण्यात,
डॉक्टर कोपर्डेंनी फिल्म उजेडावर धरली.
डोळ्यामागं एक गोल.
'रक्तवाहिन्यांची गाठ. साधी आहे, कॅन्सर नाही.'
साधी हा शब्द मी घरी नेला,
पेढ्यासारखा सगळ्यांना वाटला.
पण साधा भाडेकरूही भाडं न देता
दहा-बारा वर्षं बसला की जागा जातेच.
नजरेची नस त्याच्या पाठीखाली.

'कडेचं हाड कापून बाजूला करायचं,
गाठ काढायची, हाड परत बसवायचं.'
मी विचारलं, टाके कोणत्या धाग्याचे?
'सहा-शून्य. केसाएवढा.'
रंग?
'काळा.'
कातडीवर काळा. मी नसता घातला.

आणि नजर?
बाई लगेच बोलल्या नाहीत. मला ते पटलं.
जळलेल्या शालीला मीही लगेच हो म्हणत नाही.
'आहे तेवढी वाचवू. गेलेली... बघू.'

गाठ बाटलीत दाखवली. जांभळाएवढी,
रंगही तोच. डाव्या डोळ्यानंच पाहिली,
उजव्यावर पट्टी होती. बरं झालं,
इतकी वर्षं त्यानंच सांभाळली होती.

सात आठवड्यांनी फळीवर बसलो.
पैठणी तशीच, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
भिंग उजव्याला.
पूर्ण नाही. विटेच्या आत कुठंतरी
थोडं कुंकू, ओलं.

धागा डाव्यानं निवडला.
जुना रफू उसवताना पाहत होतो :
टाके सरळ, बारीक, एकही चुकलेला नाही.
रंग तेवढा चुकला होता.

परचुरेबाईंनी काठ दारातल्या उन्हात धरला,
मग सावलीत, मग पुन्हा उन्हात.
काही बोलल्या नाहीत.
पहिल्या वेळचे पैसे मी परत केले.
'अहो, राहू द्या,' म्हणाल्या,
आणि दोनदा मोजून घेतले.