अर्धा ध

माझ्या यंत्राचा अर्धा ध अडकतो.
तेलाने सुटत नाही, शिव्यांनीही नाही.
एरवी चालून जातं.
वारसदाखला, नावातली दुरुस्ती, हरवलेलं रेशनकार्ड
यांत अर्धा ध फारसा लागत नाही,
'मध्ये' आलं तर 'आत' करून टाकतो.

जुन्या आग्रा रोडला, कलेक्टर कचेरीच्या भिंतीशी
सव्वीस वर्षं बसतो मी.
समोर झेरॉक्स, मागे मुतारी.

लंकाबाई गांगुर्डे आल्या त्या दिवशी
थंडीने बोटं वळत नव्हती.
सोबत शमीम बागवान, तिच्या काखेत गुंडाळलेलं कॅलेंडर,
किराणा दुकानाचं, सरलेल्या वर्षाचं.
"भाऊ, आमच्या नगराध्यक्षावर लिहायचंय."
मी विचारलं, पुरावा?
त्यांनी पानं उलगडली.
टँकर आला त्या तारखेवर हळदीचं बोट:
मार्चात चार, एप्रिलात चार, मेमध्ये तीन.
पंचवीस मेवर मोठा डाग होता.
"ते पाणी नव्हे. चहा सांडला."

आधी माहितीचा अर्ज. दहा रुपयांचं तिकीट.
तीस दिवस काहीच नाही. मग अपील.
उन्हं तापायला लागल्यावर आली नोंदवहीची नक्कल,
दोन रुपये पान:
प्रभाग सात, खेपा बेचाळीस.
प्रत्येक खेपेपुढे 'पाणी पोचले', आणि सही
लं. गांगुर्डे,
वळणदार, शेवटी रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

लंकाबाई बराच वेळ बघत राहिल्या.
"इतकं सुरेख लिहू राहिले मी?
अन् मलाच माहीत नाही."
त्या अंगठा लावतात.
शमीम हसली नाही. तिने बोट ठेवून मोजलं, बेचाळीस भरल्या.

मग मोठा अर्ज, चार पानी, कलेक्टरसाहेबांना.
गावात म्हणे लोकांनी समजावलं होतं,
निवडून दिलंय ना, मग पाच वर्षं गप बसा.
लंकाबाईंचं म्हणणं एवढंच:
घर भाड्याने दिलं म्हणून
भाडेकरू भिंत पाडत असला तर विचारायचं नाही का?

सुनावणीला नगराध्यक्ष आले,
दोन गाड्या, एक वकील, कडक इस्त्री.
त्यांना खुर्ची. या दोघींना दारालगतचा बाक.
कारकून वाचू लागला आणि पहिल्याच ओळीत अडखळला:
"नगरायक्ष..."
चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नगरायक्ष.
चारी पानांवर तेच, अठरा वेळा.
कोणीतरी खोकल्यासारखं हसलं.

मी दारात, मान खाली.
लहानपणी ऐकलेलं ते तळं आठवलं,
आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं, मग पाणी, म्हणणारा यक्ष,
आणि न ऐकता प्यायलेले चौघे भाऊ, काठावर आडवे.
इथे तळंच कोरडं.
यक्ष पिऊन बसलेला,
आणि प्रश्न घेऊन आलेल्या बाया.

वकील म्हणाले, हा पदाचा अपमान आहे.
लंकाबाई उठल्या.
"अपमानाचं मागून बघू, दादा.
अकरा का बेचाळीस, तेवढं सांगा."
त्यांनी वकिलाकडे पाहिलं,
वकिलाने समोरच्या ग्लासाकडे.

साहेबांनी स्टॅम्पपॅड मागवलं.
त्या सुरेख सहीशेजारी
एक निळा अंगठा उमटला, थोडा पसरट,
विळीने चिरल्याची जुनी रेघ असलेला.

निकाल?
पुढची तारीख. तिच्यापुढची.
आजची चौथी.
खुर्ची अजून त्यांचीच आहे.
टँकर मात्र मंगळवार-शुक्रवार येऊ लागलाय,
आणि नोंदवही घेऊन एक पोरगा उभा राहतो
लंकाबाईंच्या दारात, अंगठ्यासाठी.
त्या आधी हंडे मोजतात.

परवा द्वारकेकडचा दुरुस्तीवाला आला.
म्हणाला, काका, अर्धा ध बसवून देतो, दीडशे रुपये.
मी म्हटलं, थांब जरा.
एक केस चालू आहे.