ओढवाट

रिंगरोडच्या पुलाखालून एकदा आत शिरलं
की लीड्स मागे राहतं,
पाठीमागे दार लोटून घ्यावं तसं.
ट्रकांची घरघर येते, पण वरच्या मजल्यावरच्या
भाडेकरूंसारखी: आहेत, आपला संबंध नाही.

खाली कालवा,
आणि कसलाच कालवा नाही.

पाणी वाहत नाही. नुसतं असतं.
विसरून गार झालेल्या चहाच्या रंगाचं.
त्यावर भूर्जाची पिवळी पानं, टेनिसचा एक चेंडू,
आणि एक पाणकोंबडी, जी कुठे निघालो होतो ते
दर दोन हातांवर विसरते.

रात्रपाळी संपली की मी या वाटेने घरी जाते.
बसने वीस मिनिटं, इथून सव्वा तास.
कुणी विचारलंच तर सांगते, गुडघ्यांसाठी.
खरं म्हणजे सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा श्वास
कानातून उतरायला तेवढं अंतर लागतं.

दुसऱ्या पुलाच्या कोपऱ्याला लोखंडी पट्टी आहे
आणि तिच्यात खाचा.
बोट घालून पाहिलं: पेरभर खोल.
घोडे होते तेव्हा नाव ओढणारा दोर
याच कोपऱ्याला घासत वळायचा.
ओला दोर, त्यात रुतलेली वाळू,
रोज, कितीतरी वर्षं.
सुताने लोखंड कापलं
आणि कुणाला घाई नव्हती.

म्हणून हिला मी ओढवाट म्हणते.
इथले लोक जे म्हणतात त्यातही ओढणंच आहे,
पण माझ्या शब्दात आणखी काही आहे
ते मी कुणाला सांगत बसत नाही.

मागून एक लांबोडकी नाव आली, हिरवी,
टपावर कोळशाची पोती आणि झोपलेलं कुत्रं.
सुकाणूवर ऑड्रा, एका हातात मग.
"गारठा आहे," ती म्हणाली.
"आहे," मी म्हणाले.
नाव माणसाच्या चालीनेच जाते,
त्यामुळे निरोप घेता येत नाही.
बोलण्यासारखं संपून गेल्यावरही
आम्ही बराच वेळ शेजारी शेजारी, संकोचून.
शेवटी मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

मग गिरणी. तिच्या खिडक्यांत आता कुंड्या,
सायकली, वाळत घातलेली योगाची चटई.
समोर वाटेच्या कडेला हेडली सग्डन
दोराला चुंबक बांधून पाण्यात टाकत असतो.
बादलीत आज छत्रीचा सांगाडा,
ढकलगाडीचं चाक, तीन खिळे,
आणि चिखलाचा एक गोळा, ज्याच्याबद्दल त्याला आशा आहे.

दोन वर्षं नुसती मान हलवून गेले.
आज थांबले. काय शोधतोस?

"किल्ल्या. बॉयलरखान्याच्या.
गिरणी बंद झाली त्या शुक्रवारी
मीच भिरकावल्या इथून. चांगल्या लांब गेल्या."
"लोखंडी होत्या?"
"पितळी."
मी चुंबकाकडे पाहिलं.
त्यानेही पाहिलं.
"हो," तो म्हणाला, "माहीत आहे."
आणि पुन्हा फेकला.

या वेळी दोर ताठ झाला.
"धर जरा."
मी पिशवी गवतात ठेवली आणि धरला.
तळाशी काहीतरी जड होतं,
ते हललं, कुशीवर वळलं,
आमच्याकडे हातभर आलंसुद्धा,
आणि सुटलं.
बुडबुडे आले. कुजक्या पानांचा वास आला.
गिरणीच्या कुठल्याशा खिडकीत किटली शिटी वाजवत होती,
कुणी उठून बंद करेना.

"मोठं होतं," हेडली म्हणाला,
आणि दोर गुंडाळायला लागला, सावकाश,
कोपरापासून अंगठ्यापर्यंत,
माझी आजी लोकर गुंडाळायची तसा नाही,
त्याहून नीट.

घरी येऊन दोनदा साबण लावला.
तळव्यावर दोराचा तिरका वळ अजून आहे.
सात नंबरचा श्वास
नेमका कुठल्या पुलापाशी उतरला,
लक्षात ठेवायचं राहून गेलं.