चपटा रबर

एवारिस्तोमामानं यंत्र आणलं माशांच्या क्रेटमधून,
वर ओलं गोणपाट, जणू आत अजून धुगधुगी आहे.
"चालत नाही," म्हणाला. एवढंच.
ओ ग्रोवेच्या बंदरात माणसं डॉक्टरलाही इतकंच सांगतात.

हिरवा पडदा उजळला, कर्सर आला,
म्हणजे काळीज शाबूत.
डिस्क सरकवली, तीन इंची, कडक पाठीची.
लाल दिवा लागला,
आतून कर्र, टक. कर्र, टक.
मग ती ओळ:
वाचता आलं नाही. पुन्हा, दुर्लक्ष, की रद्द?

पुन्हा.
पुन्हा.
मामा खिडकीतून खाडीतले तराफे मोजत बसला,
शिणाण्यांचे, दुसऱ्यांचे.
त्याचे विकून अकरा वर्षं झाली.

आधी डोकं पुसलं, ड्राइव्हचं,
कापसाच्या काडीनं, स्पिरिटनं.
काडीवर तपकिरी डाग आला.
कुणाचा तरी हिशेब असणार तो,
आता माझ्या कापसावर.
केबल काढून बसवली, पिना खोडरबरानं घासल्या.
दुसरी डिस्क घातली. तीही मुकी.
तेव्हा कुठं पहिलीवरचा आळ गेला.

घोडं पेंड खात होतं ते खाली.
चार स्क्रू, त्यातल्या एका गंजक्यानं नाकी नऊ आणले,
आणि पत्रा उचलून बघते तर
मोटर फिरतेय, बिचारी, इमानानं,
आणि चाक जागचं हलत नाही.
दोघांमधल्या पट्ट्याचं डांबर झालेलं.
कुणी काही केलं नव्हतं त्याला.
रबराला नुसतं पडून राहणंही पुरतं,
असं मी म्हटलं, मामाकडे न बघता.

डांबर खरवडायला दीड तास.
बोटं काळी, दाराची मूठ काळी, कपाचा कान काळा.
"नवा पट्टा माद्रिदहून येईल. नऊ दिवस."
"नऊ?"
ऐंशी उलटलेल्या माणसाच्या तोंडी तो आकडा मोठा वाटला.
उठला, खाली गाडीपर्यंत गेला,
आणि खेकड्यांच्या पेटीभोवतीचा
निळा चपटा रबर घेऊन आला,
मिठानं खरखरीत.

हे जमणारं नव्हतं, मला माहीत होतं.
मिनिटाला तीनशे फेरे हवेत, एका लयीत,
आणि हा पळणार दम खात खात.
तरी धुतला, चढवला,
वेगाचा बारका स्क्रू केसभर फिरवला.
पुन्हा. नाही.
अर्धा केस. पुन्हा. नाही.
शेजारची ओतिलिया कोबीचं सूप ठेवून गेली,
जाता जाता म्हणाली, "आठवड्याचं मिळून करा."
मी ऐकलं नाही.

चौथ्यांदा कर्र झालं,
टक झालं नाही.

यादी आली. सत्त्याऐंशी साल. उधारी.
मामा ओठ हलवत वाचत होता:
"हा गेला. ही गेली.
हा ब्यूनस आयर्सला गेला, म्हणजे तोही गेलाच."
मला वाटलं, कुणाकडून काही येणं असेल,
त्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्याचं बोट काचेवर टेकलं, शेवटच्या ओळीशी.
दोर आणि डिझेल. पेरेग्रिना काम्पोस.
तेराशे चाळीस पेसेटा. देणे.

"बघ," म्हणाला, "होतेच!
ती म्हणायची दिलेस, मी म्हणायचो नाही दिले.
पस्तीस वर्षं आमचं हेच भांडण."
आणि कोटाची चुकीची बाही शोधू लागला.

"पेसेटा आता चालत नाहीत, मामा."

"तीही फारशी चालत नाही," जिन्यातून आवाज आला,
"मीच जातो."

लाल दिवा विझला. मोटर थांबली.
बंद करायचं राहून गेलं माझ्याकडून.
सूप निवत होतं,
आणि तापलेल्या रबराला
खेकड्याचा वास येत होता.