फिती सोडणारी

माझं काम सगळ्यात शेवटी धावायचं.
साडेपाचला दोनशे अकरा जण पुढे गेले,
कपाळावरचे दिवे वैतरणेच्या काठाकाठाने
लांबत गेले, उजाडताना एकेक विझले,
आणि मी त्यांच्या मागून
करवंदीच्या जाळीला, बाभळीला, एका पडक्या बांधाला
काल बांधलेल्या नारंगी फिती
सोडवत निघाले.
गाठी माझ्याच. तरी नखं लागतात.

माझ्यापुढे फक्त घुगेसाहेब.
वय एकोणसाठ, जेल रोडला जीएसटीची कामं,
बूट नवे, डावा गुडघा जुना.
नियम असा, की मी त्यांना ओलांडायचं नाही,
घाई करायची नाही,
आणि विचारल्याशिवाय वेळ सांगायची नाही.
ते विचारत नाहीत.
बोलतात मात्र, चढावर तुटक, उतारावर भरभर:
'पोरगी म्हणाली, पप्पा, तुम्ही आणि डोंगरात?
म्हटलं, बघच.'
मग शंभरेक पावलं गप्प.

धुकं पाण्यावरून उठायला तयार नव्हतं.
पलीकडे हरिहरचा माथा तेवढा सुटा,
खाली काही नसल्यासारखा.
खुरासणी काढून झालेली, भाताच्या उडव्या,
पायवाट कधी बांधावरून, कधी थेट पाण्याला लागून,
जिथे बुटाखाली शिंपले करकरतात.
छत्तीस फिती. सदतीस.
एक बकरीच्या शिंगाला होती.
ती मी मोजली, सोडली नाही.

मग फाटा आला आणि फिती संपल्या.
इथे मी दोन बांधल्या होत्या, पक्कं आठवतं,
मोहाच्या खोडाला, एकीखाली एक.
आता खोड नुसतं.
घुगेसाहेब खालच्या वाटेने निघालेले.
रुंद वाट, सरळ, दोन्ही कडेला दगड लावलेले,
कुणालाही तीच खरी वाटली असती.
मलाही वाटली.
उताराने आम्ही छान धावलो, त्या दिवसातलं पहिलंच छान,
आणि वाट
तशीच सरळ, जराही न वळता,
पाण्यात गेली.

थांबलो. घोट्याशी लाटा.
दगडांची रांग आत दिसत होती,
हिरवट, चार हात, पाच हात,
मग नाही.

वरून एक बाई ओरडली, डोक्यावर गवताचा भारा:
'ती आमच्या जुन्या गावची वाट हाये!
तुमची वरून, पांदीतून.'
आणि हसत, 'फिती पोरींनी नेल्या. वेणीला.'
घुगेसाहेबांनी विचारलं, 'गाव किती लांब होतं?'
त्यांना खरंच माहीत हवं होतं.
'लांब कुठलं. सासू सांगायची,
इथं बिडी पेटवली तं विझायच्या आत घरी.'
ते पाण्याकडे बघत राहिले.
मग वाकून बुटाची नाडी बांधली,
जी सुटलेली नव्हती.

वर चढलो. चाळीस मिनिटं गेली होती,
मी बोलले नाही.
शाळेच्या ओट्यावर तीन पोरी बसलेल्या,
दोन फितींचे तीन तुकडे केलेले,
धाकटीच्या वाट्याला आखूड.
आम्हाला बघून तिने वेणी पाठीमागे टाकली.

पोचलो तेव्हा कमान टेम्पोत चढत होती,
पोह्यांचं पातेलं पालथं,
घड्याळवाला घोटीला निघून गेलेला.
'शेवट कुठे?' साहेब म्हणाले.
मी दोन दगड दाखवले, कमानीचे पाय ज्यांना टेकवले होते.
ते त्यांच्या मधून गेले,
जरासे वाकून, वर काही नसताना.
आणि वळून पहिल्यांदाच विचारलं, 'किती वाजले?'
मी सांगितलं.
'बरं,' म्हणाले, आणि तिथेच मातीत बसले.

संध्याकाळी मी पिशवी उपडी केली.
बांधल्या एकशे बारा, आणल्या एकशे नऊ.
वहीत कारणाचा रकाना असतो.
'हरवल्या' लिहिलं, खोडलं.
लिहिलं: वापरात.